वृद्धनिवासातील आगीचा सराव: वाचकांचे प्रश्न

वृद्धाश्रम, देखभालगृहे आणि ज्येष्ठांसाठीची सशुल्क निवासस्थाने येथे आगीची मॉक ड्रिल कशी आखावी व कशी घ्यावी, याविषयी आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकी काही पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची व संस्थांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न: आमचा वृद्धाश्रम पुण्याजवळ एका दुमजली बंगल्यात आहे आणि तेथे 26 आजी-आजोबा राहतात. अग्निशामक सिलिंडर बसवलेले आहेत, पण मॉक ड्रिल आजवर घेतलेली नाही. सर्वांना जिन्यावरून खाली आणताना कोणी पडले, हाड मोडले, तर काय करायचे, या भीतीने दर वेळी विषय पुढे ढकलला जातो. सुरुवात कुठून करावी? (व्यवस्थापिका, हवेली तालुका)

उत्तर: आपली भीती रास्त आहे. उतारवयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे वृद्धाश्रम चालवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. म्हणूनच पहिल्या सरावात एकाही आजी-आजोबांना जागचे हलवू नका. मॉक ड्रिलमध्ये परीक्षा असते ती कर्मचाऱ्यांची, दारांची, किल्ल्यांची आणि आपण कागदावर केलेल्या योजनेची.

सर्वांत आधी यादी करा. हाक मारल्यावर स्वतः चालत येऊ शकतील असे किती जण आहेत, हात धरून, वॉकरने किंवा व्हीलचेअरवरून न्यावे लागतील असे किती, आणि खाटेवरून उचलावे किंवा ओढत न्यावे लागतील असे किती, हे खोलीनिहाय लिहा. ही यादी वर्षातून एकदा करून फाइलला लावण्याची नाही. मागच्या आठवड्यात स्वतः बागेत फिरणारे आजोबा तापाने अंथरुणाला खिळले, तर त्यांचे नाव त्याच दिवशी दुसऱ्या गटात गेले पाहिजे आणि बदललेली यादी रात्रपाळीच्या टेबलावर असली पाहिजे.

त्यानंतर एका कर्मचाऱ्याला व्हीलचेअरवर बसवून प्रत्येक खोलीपासून बाहेरच्या फाटकापर्यंत न्या. या एका फेरीत पुष्कळ गोष्टी उघड होतात: मागच्या दारासमोर रचलेले गाद्यांचे ढीग, व्हीलचेअर वळू न शकणारा बोळ, लोखंडी जाळीच्या दाराला रात्री लागणारे कुलूप. मी पाहिलेल्या एका सरावात मागच्या फाटकाची एकमेव किल्ली संचालकांच्या जुडग्यात होती आणि संचालक बाहेरगावी होते. अशी उणीव कागदावरच्या नकाशात दिसत नाही.

तिसऱ्या टप्प्यात कर्मचाऱ्यांनीच आजी-आजोबा होऊन खाटांवर झोपावे आणि उरलेल्यांनी त्यांना हलवावे. अंथरुणावरच्या व्यक्तीला दोघांनी हातांवर उचलून नेण्यापेक्षा जाड चादरीवरून ओढत नेणे बहुतेक वेळा सोपे आणि कमी धोक्याचे असते. घट्ट विणीची सोलापुरी चादर गादीखाली आधीच अंथरलेली असेल, तर खाट शक्य तितकी खाली करून गादीसकट व्यक्तीला जमिनीवर सरकवता येते. मग एकाने डोक्याकडची टोके मुठीत गुंडाळून ओढायचे आणि दुसऱ्याने पायांकडून दिशा सांभाळायची. गुळगुळीत फरशीवर गादी सहज सरकते, पण खोलीच्या दारात ग्रॅनाइटचा उंचवटा असला की तिथे ती अडते, ओढणारा कमरेतून वाकतो आणि सगळा वेळ त्या एका जागी जातो. उपाय साधा आहे, उंचवटा काढून टाकणे किंवा त्याला उतार करणे. जिन्यावर मात्र पाय खालच्या दिशेला, डोके वरच्या बाजूला आणि वर-खाली एकेक माणूस, असेच उतरवायचे. याचा सराव निरोगी कर्मचाऱ्यावर, जिन्याच्या शेवटच्या चार-पाच पायऱ्यांवर करावा.

हे सगळे अंगवळणी पडल्यावर, ज्यांना चालता येते आणि ज्यांची तयारी आहे अशा आजी-आजोबांना पूर्वसूचना देऊन सरावात घ्या. अंथरुणाला खिळलेल्यांना सरावासाठी हलवण्याचा आग्रह अमेरिकेतील अग्निसुरक्षेची संहितासुद्धा धरत नाही. आपणही धरू नये.

प्रश्न: मी एका देखभालगृहात रात्रपाळीला काम करते. वरच्या मजल्यावर 22 जण आहेत, त्यांतले 9 जण अंथरुणावर आहेत आणि रात्री आम्ही दोघीच असतो. दिवसा साहेब लोक मॉक ड्रिल घेतात, फोटो काढतात. रात्री खरोखर आग लागली तर आम्ही दोघींनी नेमके काय करायचे, ते कोणी सांगत नाही. (सेविका, ठाणे)

उत्तर: ताई, आलेल्या सर्व पत्रांत आपला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तो आपल्याला विचारावा लागतो याची जबाबदारी आपल्या व्यवस्थापनाची आहे. कोलकात्याच्या ढाकुरिया भागातील खासगी रुग्णालयात 9 डिसेंबर 2011 रोजी तळघरात आग लागली ती पहाटेपूर्वी. धूर वरच्या मजल्यांवर चढला आणि सुमारे 90 जण दगावले, त्यांतले बहुतेक भाजून नव्हे तर गुदमरून. 1 जानेवारी 2023 रोजी दिल्लीच्या ग्रेटर कैलाश-2 मधील ज्येष्ठांच्या देखभालगृहात दोन वृद्ध महिलांचा जीव गेला, तीही पहाटेचीच वेळ होती. सकाळी अकरा वाजता, सर्व कर्मचारी हजर असताना घेतलेल्या सरावातून आपल्या पाळीची तयारी होत नाही.

आता हिशेब पाहा. एका व्यक्तीला चादरीवरून जिन्यापर्यंत नेऊन खाली उतरवायला दोघींना तीन मिनिटे लागली, असे धरले तरी नऊ जणांना 27 मिनिटे लागतील, आणि दमणूक त्यात धरलेलीच नाही. बंद इमारतीत धूर इतका वेळ देत नाही. म्हणून ‘सर्वांना खाली न्या’ ही योजना दोघींच्या पाळीसाठी मुळातच चुकीची आहे. त्याऐवजी ज्या खोलीत आग आहे ती रिकामी करून तिचे दार बंद करणे आणि बाकीच्यांना त्याच मजल्यावर, बंद होणाऱ्या एका भक्कम दारापलीकडे नेणे, अशी योजना हवी. दोन भागांच्या मध्ये आगरोधक दार असलेल्या मजल्यावर हे सहज जमते. असे दार नसेल तर ते बसवून घेणे हा व्यवस्थापनाच्या खर्चाच्या यादीतला पहिला विषय असावा, रंगरंगोटी आणि टीव्ही त्यानंतर.

क्रम असा ठेवावा. जिला धूर किंवा ज्वाळा दिसेल तिने त्या खोलीतल्या व्यक्तीला बाहेर काढावे, दार ओढून घ्यावे आणि भिंतीवरची लाल पेटी दाबावी किंवा घंटा वाजवावी. दुसरीने त्याच क्षणी 101 ला फोन करावा. आधी साहेबांना विचारून मग अग्निशमन दलाला कळवायचे, ही पद्धत प्राणघातक आहे, आणि असा तोंडी दंडक आपल्याकडे असेल तर तो रद्द केल्याचे व्यवस्थापनाने लेखी द्यावे. मोबाइलवरून 101 लावल्यास फोन कधी कधी भलत्याच नियंत्रण कक्षाला लागतो, म्हणून जवळच्या केंद्राचा थेट क्रमांक आणि 112 दोन्ही भिंतीवर ठळक लिहिलेले असावेत. फोनवर पत्ता आणि जवळची खूण, कितवा मजला, काय जळते आहे आणि न चालू शकणारी माणसे किती, एवढे सांगावे. हे वाक्य छापून फोनजवळ चिकटवा आणि सरावात ते दर वेळी मोठ्याने वाचा, कारण घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ताही आठवत नाही.

पुढे आगीच्या खोलीच्या दोन्ही बाजूंच्या आणि समोरच्या खोल्या रिकाम्या करा. त्यातही आधी स्वतः चालू शकणाऱ्यांना उठवून वाटेला लावा, म्हणजे उरलेला वेळ अंथरुणावरच्यांसाठी मिळतो. रिकाम्या केलेल्या खोलीचे दार बंद करून बाहेर उशी ठेवावी, म्हणजे धुरात पुन्हा तीच खोली तपासण्यात कोणाचा वेळ जात नाही. ज्यांना हलवणे शक्यच झाले नाही त्यांच्या खोलीचे दार बंद करून फटीला ओला टॉवेल लावावा आणि खोलीचा क्रमांक जवानांना सांगावा. बंद दाराआड असलेला माणूस उघड्या बोळात अडकलेल्या माणसापेक्षा पुष्कळ सुरक्षित असतो.

सिलिंडर वापरायचा तो आग एखाद्या कचऱ्याच्या डब्याएवढी असताना, आणि आपल्या पाठीमागे बाहेर पडायची वाट मोकळी असताना. पिन ओढून नळी आगीच्या बुडाशी धरायची. पावडर काही सेकंदांतच संपते, हे हातात घेऊन पाहिल्याशिवाय पटत नाही, त्यामुळे रिफिलिंगला जाणारे सिलिंडर आधी मोकळ्या मैदानात सेविकांच्या हातून रिकामे करून घ्यावेत.

व्यवस्थापनाने रात्रीचा सराव रात्रीच घ्यावा. आजी-आजोबांची झोप मोडण्याची गरज नाही. मोठा भोंगा न वाजवता ठरलेल्या शब्दाने सूचना द्यावी, रिकाम्या खाटांवर दिवसपाळीचे दोन-तीन कर्मचारी झोपवावेत, आणि दोघींनाच किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहावे. सहायक निवासगृहांसाठी अमेरिकन संहिता वर्षाला सहा सराव सांगते आणि त्यांतले किमान दोन रात्री, रहिवासी झोपेत असताना घ्यायला सांगते. आपण तेवढे घेतले नाहीत तरी प्रत्येक सेविकेच्या वाट्याला वर्षातून दोन रात्रसराव यावेत. वेळ फार लागतो असे दिसले, तर रात्रपाळीला तिसरी व्यक्ती द्यावी किंवा अंथरुणावरच्या लोकांना तळमजल्यावर आणावे. सेविकांना ‘अजून चपळ व्हा’ असे सांगणे हे त्यावर उत्तर नव्हे.

शेजाऱ्यांचाही विचार करा. ढाकुरियाच्या आगीत लगतच्या वस्तीतील तरुण रुग्णांना वाचवण्यासाठी धावले होते. समोरच्या सोसायटीचा रखवालदार आणि शेजारची दोन घरे यांना एका सरावाला बोलावून वाट दाखवून ठेवली, तर रात्री दोनाच्या जागी सहा हात मिळू शकतात.

प्रश्न: माझ्या आईला स्मृतिभ्रंश आहे. ती राहते तेथे मागच्या महिन्यात अलार्म वाजवून मॉक ड्रिल घेतली आणि ती दोन दिवस घाबरलेली होती, जेवली नाही. तिला यातून वगळावे असे पत्र मी द्यावे का? (वाचक, नाशिक)

उत्तर: अलार्मच्या कर्कश आवाजातून तिला जरूर वगळायला सांगा, सरावातून मात्र पूर्णपणे वगळू नका. स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती आगीच्या वेळी जागची हलत नाही, मदत करणाऱ्याचा हात झिडकारते किंवा बाहेर आणल्यावर पर्स घ्यायला परत आत जाते. हे त्या गोंधळाच्या क्षणी प्रथमच कळणे धोक्याचे आहे.

आपल्या आईसाठी वेगळा, आवाजाविना सराव मागा. तिच्या ओळखीच्या मावशींनी समोरून येऊन, नजरेला नजर देऊन, हात पुढे करावा आणि ‘चला आई, अंगणात बसू’ एवढेच म्हणावे. आग, धूर, सराव असे काही समजावत बसू नये, प्रश्न विचारू नयेत, आणि एका वेळी एकाच माणसाने बोलावे. आठवड्यातून दोनदा त्याच वाटेने, त्याच दारातून अंगणात नेऊन चहा दिला, तर प्रसंग ध्यानात राहिला नाही तरी ती वाट पायांच्या ओळखीची होते. कोणत्या हाकेला ती लगेच ओ देते, कोणत्या शब्दाने शांत होते, माहेरच्या कोणत्या नावाने उठते, हे आपल्याला ठाऊक असते. ते एका कार्डावर लिहून तिच्या खाटेशी लावून घ्या. रात्री नव्याने आलेल्या सेविकेला त्या कार्डाचा फार उपयोग होईल.

आणखी एक गोष्ट विचारून घ्या. अशा रहिवाशांनी बाहेर भटकू नये म्हणून त्यांच्या भागाचे दार कुलूपबंद ठेवतात. अलार्म वाजताच किंवा वीज जाताच ते आपोआप उघडते का, आणि साधे कुलूप असेल तर त्याची किल्ली त्या पाळीतल्या प्रत्येक सेविकेच्या अंगावर असते का? शिवाय सर्वांना बाहेर आणल्यावर या मंडळींजवळ बसून राहणारी एक व्यक्ती नेमलेली असलीच पाहिजे, आणि तिला दुसरे कोणतेही काम सांगू नये.

प्रश्न: आमच्या इमारतीला जनरेटरवर चालणारी लिफ्ट आहे. व्हीलचेअरवरच्यांना सरावात लिफ्टने उतरवले तर चालेल का? (व्यवस्थापक, नागपूर)

उत्तर: नाही. लिफ्टच्या विहिरीतून धूर वर चढतो आणि दार आगीच्या मजल्यावर उघडले तर आतल्यांना सुटका नसते. अग्निशमन दलासाठी राखीव लिफ्ट असेल, तर ती जवान आल्यावर तेच चालवतील. सरावात लिफ्ट वापरली की हाताला तीच सवय लागते, म्हणून सराव सुरू होताच लिफ्ट तळमजल्यावर आणून बंद करावी.

प्रश्न: मी 79 वर्षांचा असून वृद्धनिवासात राहतो. फुप्फुसाच्या आजारामुळे मला रात्रभर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावावा लागतो. खोलीत देवापुढे निरांजन लावायला येथे मनाई केली आहे. हे योग्य आहे का, आणि आगीच्या वेळी माझ्यासारख्याने स्वतःसाठी काय करावे? (निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर: सर, आपल्या खोलीपुरती ही मनाई अगदी योग्य आहे. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण नळीतून सुटणारा ऑक्सिजन उशीच्या अभ्र्यात, शालीत, धोतरात मुरतो आणि मग एरवी धुमसत राहील एवढी ठिणगी भडका घेते. यंत्र बंद केल्यावरही काही वेळ हा धोका राहतो. नाकाशी तेल किंवा पेट्रोलियम जेली लावू नये, उदबत्ती आणि कापूरही त्या खोलीत नको. मात्र नुसती मनाई करून संस्थेचे काम संपत नाही, असे मला मनापासून वाटते. तळमजल्यावर, पडदे आणि फर्निचर यांपासून दूर, एक सामायिक देवघर करून तेथे ठरलेल्या वेळी कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली दिवा लावण्याची सोय त्यांनी करावी. आपण व्यवस्थापनाकडे तशी मागणी जरूर करा.

सरावात आपल्या बाबतीत एक गोष्ट हमखास सुटते. आग लागल्यावर मेन स्विच बंद केला की कॉन्सन्ट्रेटरही बंद पडतो. त्यासाठी चाकांच्या गाडीवर बसवलेला छोटा सिलिंडर भरलेला असावा, आणि तो कोण आणणार ते नावानिशी ठरलेले असावे. आग आपल्याच खोलीत असेल, तर मात्र आधी ऑक्सिजन बंद करून बाहेर पडायचे.

आपल्यासाठी रात्रीची तयारी छोटी आहे. चष्मा, श्रवणयंत्र, टॉर्च, शिटी आणि औषधांची चिठ्ठी एका पिशवीत घालून ती खाटेला अडकवून ठेवावी. अलार्म ऐकल्यावर दार उघडण्याआधी हाताच्या पाठीने ते गरम आहे का ते पाहावे. गरम असेल किंवा फटीतून धूर येत असेल तर दार बंदच ठेवून फटीला ओला टॉवेल लावावा आणि खिडकीशी जाऊन शिटी वाजवावी. धूर छताकडून खाली उतरतो, म्हणून रांगत जावे असे सांगतात. आपल्या वयात रांगणे जमेलच असे नाही, तेव्हा बंद दाराआड थांबून मदत मागणे हाच आपल्यासाठी बरा मार्ग आहे.

प्रश्न: मॉक ड्रिल घेणे कायद्याने बंधनकारक आहे का, आणि कोणती कागदपत्रे ठेवावीत? (विश्वस्त, कोल्हापूर)

उत्तर: महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार आगीपासून संरक्षणाची यंत्रणा बसवणे आणि चालू स्थितीत ठेवणे ही इमारतीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून घेऊन त्याचे ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. राष्ट्रीय इमारत संहिता, 2016 वृद्धांच्या निवासांना संस्थात्मक वापराच्या गटात धरते. तिच्यातील मार्गदर्शक सूचनांनुसार उंच इमारतींत पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी आणि नंतर दर सहा महिन्यांनी सराव व्हावा आणि त्याची लेखी नोंद तीन वर्षे जपावी. आपली इमारत उंच या व्याख्येत बसत नसेल, तरी हाच पायंडा ठेवा, कारण न चालू शकणाऱ्या माणसाला दुसरा मजलासुद्धा उंचच असतो.

नोंदवहीत ‘सराव यशस्वी झाला’ असे एका ओळीचे शेरे नकोत. तारीख, पाळी, हजर कर्मचारी, आग कोणत्या खोलीत आहे असे मानले, शेवटची खोली रिकामी व्हायला लागलेला वेळ, काय अडले आणि ते दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणाची, एवढे लिहा. पुढचा सराव या शेवटच्या नोंदीपासून सुरू करा. 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या स्फोटात 66 अग्निशमन जवानांनी प्राण दिले, त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह पाळतात. त्या काळात स्थानिक दलाला आमंत्रण दिले तर जवान इमारत पाहून जातात, बंब कुठवर येऊ शकतो, पाणी कुठून घेता येईल ते सांगतात. मात्र वर्षाचा सराव या एका दिवसावर भागवू नका.

प्रश्न: मी नोकरीनिमित्त न्यू जर्सीत असतो. आई-वडिलांसाठी पुण्यात सहायक निवास पाहतो आहे. आगीच्या सुरक्षिततेबद्दल दूरवरून काय तपासता येईल? (वाचक, अमेरिका)

उत्तर: माहितीपत्रकातील चित्रांवरून काहीच कळत नाही. ‘ब’ नमुन्यातील अलीकडच्या प्रमाणपत्राची आणि सरावाच्या नोंदवहीतील शेवटच्या दोन पानांची प्रत मागवा. ती द्यायला टाळाटाळ झाली, तर तेवढ्यावरून मत बनवायला हरकत नाही. पुण्यातल्या एखाद्या नातेवाइकाला रात्री आठनंतर, पाळी बदलल्यावर तेथे पाठवा आणि व्यवस्थापकाऐवजी रात्रीच्या सेविकेलाच विचारायला सांगा की या मजल्यावर आज किती जण आहेत, त्यांतले किती चालत नाहीत, धूर दिसला तर पहिले काम काय, आणि शेवटचा सराव आपल्या पाळीत कधी झाला. नातेवाइकाने मागचे दार स्वतः उघडून पाहावे, जिन्यात आणि बोळात सामान ठेवलेले नाही ना ते पाहावे. खिडक्यांच्या जाळ्यांना आतून उघडणारा एक तरी भाग आहे का, हेही पाहायला सांगा, कारण पुण्या-मुंबईत चोरीच्या भीतीने बसवलेल्या पक्क्या जाळ्या आगीत माणसालाच अडकवतात.

वडील चालते आहेत आणि आईला व्हीलचेअर लागते, असे असेल तर दोघांसाठी तळमजल्यावरची खोली मागा, वरच्या खोलीतून टेकडी दिसत असली तरी. प्रवेशाच्या वेळी भरून दिलेल्या अर्जात आईच्या हालचालीविषयी लिहिलेली माहिती वर्षभराने जुनी होते, म्हणून दर तीन महिन्यांनी फोन कराल तेव्हा रात्रपाळीच्या यादीत तिचे नाव सध्या कोणत्या गटात आहे, हे विचारत जा.